शेंडीखालचं कातडं

"मेलो! मेलो! अहो सिस्टर, माझा हात गेला! कुणीतरी बघा हो, हात गेला माझा!"

हात कुठेही गेला नव्हता. तो जागच्या जागी होता, आणि त्याच हाताने हे गृहस्थ आमच्या कॅज्युअल्टीचं टेबल असं बडवत होते की वरचा स्टीलचा ट्रे फूटभर उडून पुन्हा खाली येत होता. आवाज तर असा, की चामुंडी टेकडीवरच्या नंदीने त्या दिवशी मान वळवून खाली पाहिलं असणार. इतकी वर्षं बसलाय बिचारा, कधी हलला नाही. पण त्या दिवशी हलला, यावर माझा विश्वास आहे.

मी वरच्या मजल्यावरच्या बर्न्स वॉर्डची, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डची, इन-चार्ज सिस्टर. भाजलेला पेशंट आला की खालून मला फोन येई. त्या दिवशी फोनची गरजच पडली नाही. जिन्यातून आवाज आला आणि मी धावले. 'मेलो' ऐकून धावले असं समजू नका. आमच्याकडे रोज दहाजण मेलो म्हणून ओरडतात आणि संध्याकाळी कॉफीत साखर कमी आहे म्हणून भांडतात. मी धावले, कारण हा माणूस मराठीत मरत होता.

हे महाराष्ट्रातल्या वाचकांना कळायचं नाही. आमचं घराणं म्हैसूरमध्ये इतकं जुनं, की कुठून आलो ते आता कुणालाच सांगता येत नाही. आजोबा म्हणत, घोड्यांवरून आलो. वडील म्हणत, बैलगाडीतून. मला विचाराल तर चालतच आलो असणार, आणि वाटेत निम्मं मराठी सांडत आलो असणार. घरात मुलांना गप्प करताना आम्ही "सुम्ने बसा की रे" म्हणतो आणि ते मराठीच आहे असं मला दहावीपर्यंत वाटत होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत पेशंट 'अय्यो' म्हणून ओरडले, 'अम्मा' म्हणून ओरडले, एकाने तर त्याला भाजणाऱ्या प्रेशर कुकरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण 'मेलो' म्हणणारे बोटांवर मोजण्याइतके. असा एखादा आला की मला माहेरचं माणूस आल्यासारखं व्हायचं.

या माहेरच्या माणसाचं नाव रघुनाथराव. कॉलेजचे निवृत्त प्राचार्य, राहणार सरस्वतीपुरम. घरी नातवाची मुंज होती. मागच्या अंगणात म्हैसूरपाकाची कढई चढली होती, ती कलंडली. रघुनाथरावांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत जाड पांढरा लेप होता.

"हे काय लावलंय?"

"दोशाचं पीठ! सूनबाई म्हणाली, थंड असतं."

भाजलेल्या जागेवर लोक काय काय लावतात याची यादी करायला बसले तर हा दिवाळी अंक पुरायचा नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, कॉफीची पूड. एक गृहस्थ घरचं चंदन उगाळून लावून आले होते, तर वॉर्डातले तीन पेशंट उठून त्यांच्या पाया पडले. आणि एका बाईंचा हात इतका तापलेला होता की आमच्यापर्यंत पोचेतो दोशाच्या कडा सुटायला लागल्या होत्या. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण चटणी मागवायचीच तेवढी बाकी होती.

सगळ्यांना मी एकच सांगत आले. वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, लेप नको. अंगठ्या, बांगड्या आधी काढा, कारण मग हात सुजतो. आणि वीस म्हणजे वीस. पाच मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस नळ बंद करतो, तिथेच फसतो. वरून गार झालं तरी आतली धग खाली उतरत असते.

रघुनाथरावांचा हात नळाखाली धरला. पीठ वाहून गेलं, खाली लाल कातडी निघाली. बोटाने दाबलं, पांढरी झाली. सोडलं, पुन्हा लाल. फोड एकही नाही.

"सर, चार दिवसांत जाईल हे. डागसुद्धा राहायचा नाही."

"चार दिवस? अहो, इथे जीव चाललाय!" एवढं ओरडून ते एकदम थबकले. "सिस्टर, तुम्ही मराठी?"

"हो."

"अरे वा! आडनाव काय? मूळच्या कुठल्या?"

घ्या! मराठी माणसाचा एक पाय यमाच्या उंबऱ्यात असला तरी दुसरा बाहेर ठेवून तो यमाला आधी मूळ गाव विचारेल. आणि मला दोष द्याल तर मीही कमी नाही. मी आडनाव सांगितलं, त्यांनी आडनाव सांगितलं, त्यांच्या मावशीचं सासर आणि माझ्या आत्याचं सासर यांच्या मधली नदी आम्ही शोधून काढली. नळ वाहत होता, गप्पा वाहत होत्या.

दाराजवळच्या बाकावर आणखी एकजण बसला होता. पंचा नेसलेला, साठीचा, कपाळाला गोपीचंदन, गुळगुळीत डोक्यावर मागे शेंडी. उजव्या हाताला अंगवस्त्र गुंडाळलेलं. येता येता मी त्याला विचारलं होतं, "तुमचं काय?" तो म्हणाला होता, "एनू इल्ल, अम्मा. काही नाही. दुखत नाही मला. यांचं बघा आधी. फक्त लवकर सोडा, पाक पुढे जाईल." आणि मी म्हणाले होते, "बसा हं दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं पंधरा झाली. मग एका वॉर्डबॉयने स्ट्रेचर वळवलं, त्याचा लोखंडी कोपरा बाकाला घासत गेला आणि त्या माणसाच्या गुंडाळलेल्या हातावर आदळला. मला इथे, नळापाशी, कळ आली. तो माणूस मात्र हलला नाही. त्याने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

रघुनाथरावांचा हात नळाखाली तसाच सोडून मी बाकाकडे धावले.

आता तुम्हाला कातडीची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर मी का धावले ते कळायचं नाही.

कातडी म्हणजे घर समजा. वर कौलं. हा पहिला थर. तिथे कुणी राहत नाही, रक्त नाही, काही नाही. ऊनपाऊस अडवायचा आणि जुनी कौलं गळून नवी बसवायची, एवढंच काम. कौलांखाली राहतं घर. हा दुसरा थर, जाड आणि भरलेला. पाण्याचे पाइप म्हणजे रक्तवाहिन्या इथे, विजेच्या आणि टेलिफोनच्या वायरी म्हणजे नसा इथे, घामाच्या मोऱ्या इथे आणि केसांची मुळंही खालच्या बाजूला इथेच. त्याखाली तळघर, तुपाच्या डब्यांनी भरलेलं. ही चरबी. कुणाच्या तळघरात किती डबे हे मी सांगत नाही, वजनकाट्यावर आपलं आपण पाहावं.

नुसती कौलं तापली तर घरातले लोक फोन करकरून जीव घेतात. लाल होतं, झोंबतं, चार दिवसांत जातं. हे रघुनाथराव. धग राहत्या घरात शिरली तर पाइप गळायला लागतात, पाणी साठून कौलं वर उचलली जातात. हा फोड. याचं दुखणं सगळ्यांत वाईट, कारण वायरी उघड्या पडतात आणि अजून जिवंत असतात, नुसतं वारं लागलं तरी माणूस कळवळतो. पण ओलं असतं, गुलाबी असतं, भरून येतं. आणि धग पार तळघरापर्यंत गेली तर? घर खाक, वायरी खाक. मग फोन कोण करणार? पेशंट शांत बसतो आणि म्हणतो, दुखत नाही.

नव्या पोरी वॉर्डात आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना भिंतीला उभ्या करून सांगायची, "ओरडणारा जगतो. गप्प बसलाय त्याच्याकडे आधी पळा." चौतीस वर्षं सांगितलं. आणि त्या दिवशी मीच मावशीच्या सासरची नदी शोधत बसले.

अंगवस्त्र सोडवलं. हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळांपासून मनगटाच्या वर चार बोटं, नुसता पाक. तेल गळून तरी जातं. साखरेचा पाक चिकटतो आणि चिकटून भाजत राहतो. तो धुतल्यावर खालची कातडी दिसली. कोरडी, पांढरट, मध्ये तपकिरी, जुन्या मेणकापडासारखी. दाबलं, रंग बदलला नाही. सुई टोचली.

"काय करताय, अम्मा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"कळलं का काही?"

"कळलं की. दिसतंय ना."

डोळ्यांना कळत होतं. हाताला नाही. मी सुई खाली ठेवली आणि असा आवाज लावला की रघुनाथराव शाळकरी पोरगा वाटले. "मुग्धा मॅडमना बोलवा! आत्ता!"

डॉक्टर मुग्धा म्हणजे आमची सर्जन. पुण्याची, नवरा हेब्बाळच्या कॉम्प्युटर कंपनीत. तिचं मराठी छापील, माझं कानडीच्या फोडणीचं. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही बोलता ते मराठी आहे ना नक्की?" मी म्हणाले, "मॅडम, हे मूळचं. तुमचं नंतर बिघडलं." तेव्हापासून आमचं छान जमलं.

मुग्धाने हात पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "पूर्ण जाडीचं बर्न आहे. हे आपोआप भरणार नाही, नवी कातडी लावावी लागेल. नाहीतर आक्रसेल आणि बोटं मागे ओढली जातील."

नळाखाली हात धरलेले रघुनाथराव ऐकत होते. ओरडणं कधी थांबलं होतं मला कळलंच नाही. ते हळूच म्हणाले, "मी कढईजवळ गेलो होतो. भट्टरना सांगत होतो, अजून एक तार व्हायचीय. माझाच पाय शेगडीच्या तिवईला लागला. भट्टरनी डाव्या हाताने मला ढकललं आणि उजव्याने कढई धरली. नाहीतर ती सगळी..." आणि त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं.

भट्टर म्हणजे बाकावरचे हे श्रीनिवास भट्ट, सोसले नावाच्या गावचे, जन्मभर आचारी. लग्नामुंजीत त्यांचं जेवण जेवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरचं अन्न गोड लागत नसे आणि बायका महिनाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत. मराठी घरांतून रांधून रांधून त्यांचं मराठी चांगलं झालं होतं, फक्त सगळं स्वयंपाकघरातलं. पण त्यांची खरी कीर्ती म्हैसूरपाकाची. म्हैसूरपाकात सगळा जीव पाकात असतो. आचारी बोटं पाण्यात बुडवतो, उकळत्या पाकाला टेकवतो आणि अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून उघडतो. मध्ये एक तार निघाली तर बेसन टाकायचं. अर्धा मिनिट आधी टाकलं तर शिरा, अर्धा मिनिट नंतर टाकलं तर दगड. हे घड्याळाने कळत नाही, थर्मामीटरने कळत नाही. त्या दोन बोटांच्या टोकांना कळतं.

आणि पाहा नशीब! भट्टरनी कढई फडक्याने धरली होती, शिवाय तळहाताचं कातडं मुळातच जाड आणि त्यांचं तर चाळीस वर्षं पाक बघून बघून बुटाच्या तळासारखं झालेलं. बोटांची टोकं शाबूत होती. पण पाठीमागची कातडी आक्रसली तर अंगठा आणि बोट जुळणारच नाहीत. भट्टरनी मला एवढंच विचारलं, "तार बघता येईल?" मी म्हणाले, "कातडं लावलं तर येईल." ते म्हणाले, "मग लावा."

इथपर्यंत सगळं सरळ. दुसऱ्या दिवशी मुग्धाने त्यांना समजावलं, की मांडीवरून कागदासारखा पातळ पापुद्रा काढून हातावर बसवायचा.

भट्टरनी डोळे मिटले. "बेड."

बेड म्हणजे नको. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं.

"का हो, भट्टरे?"

"हा नैवेद्याचा हात आहे, सिस्टरम्मा. कंबरेखालचं कातडं याला लावलं तर मी मडीत कसा उभा राहू?"

मडी म्हणजे आपलं सोवळं. मी समजावलं, कातडी कातडीच असते. मुग्धाने समजावलं, चित्र काढून. रघुनाथराव रोज ताकाची बरणी घेऊन येऊन बसायचे, त्यांनी शास्त्रातले दाखले दिले, निम्मे मला वाटतं तिथेच तयार केले. भट्टर ताक पीत आणि म्हणत, बेड. पोटापाठीचं विचारलं, तर म्हणाले, जानव्याखाली सुरी नको. एक दिवस गेला, दुसरा गेला. मेलेली कातडी हातावर तशीच आणि खाली पू व्हायची भीती. बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग करताना अंगठा आणि बोट जुळतंय का पाहिलं. सुपारीएवढी फट राहिली. माझं डोकं फिरलं.

"मांडीचं नको, पोटाचं नको, मग काय डोक्यावरचं काढून लावू?" मी ओरडले. आख्खा वॉर्ड वळला.

भट्टरनी डोळे उघडले. "डोक्यावरचं चालेल."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. पण मुग्धा फाइल मिटून पुढे आली. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं ही आता नाचणार. "सिस्टर, थांबा. अहो, स्कॅल्प उत्तम असतो! जागा पुरेल, भरतो पण पटकन. तुम्हाला कसं सुचलं?"

"चौतीस वर्षं काय झोपा काढल्या का मी?" मी म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे की मला ते आधीपासून ठाऊक होतं. आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे, आणि मुग्धा हा अंक वाचत नाही या भरवशावर.

भट्टरना आता नवीच शंका. "हातावर केस उगवतील?"

"शेंडी उगवेल," शेजारच्या कॉटवरचा एक पोरगा म्हणाला. हाही हेब्बाळचा कंपनीवाला, बाइकच्या सायलेन्सरला पोटरी भाजलेली, फोनवर वाचून मलाच माझ्या धंद्यातलं शिकवायचा.

"सुम्ने बस रे! काय म्हणतो तुझा फोन, केसांची मुळं कुठे असतात?"

"दुसऱ्या थराच्या तळाशी, सिस्टर."

"आणि मॅडम काढणार कुठलं? वरचं. कौलं आणि राहत्या घराचा वरचा जरासा भाग. मुळं डोक्यातच राहणार, भट्टरे. आणि त्याच मुळांच्या तोंडातून नवी कातडी पसरत येते, म्हणून डोकं आठ-दहा दिवसांत भरतं. हातावर केस येणार नाहीत आणि डोक्यावरचे जाणार नाहीत."

"शेंडी?"

"शेंडीभोवती मॅडम पेनाने गोल काढतील."

मुग्धाने खरोखरच गोल काढला. ऑपरेशनच्या टेबलावर, जांभळ्या पेनाने, रांगोळीइतका नेटका. म्हणाली, "आईला कळलं मी कशासाठी सर्जन झाले, तर रडेल." मग मेलेली कातडी काढून टाकली आणि डोक्यावरचा पापुद्रा उचलला. तो इतका पातळ होता की त्याच्या आडून मी भिंतीवरच्या घड्याळात वेळ वाचली. बरं, वेळ वाचली नसेल, पण घड्याळ दिसत होतं. तो हातावर बसवला, वर घट्ट ड्रेसिंग, हाताला पट्टी. पाच दिवस उघडायचं नाही.

या धंद्यात पाचवा दिवस म्हणजे निकालाचा दिवस. खालून रक्तवाहिन्यांनी पापुद्र्याला हात दिला असेल तर तो गुलाबी होतो. नसेल तर काळा पडतो आणि पट्टीबरोबर सुटून हातात येतो. त्या सकाळी वॉर्डातले सगळे पंखे श्वास धरून थांबले होते. वीज गेली होती हे खरं, पण मी ते तसं सांगत नाही. रघुनाथराव पायथ्याशी उभे, ताकाची बरणी छातीशी धरून. मी एकेक थर सलाइनने भिजवून सोडवत होते आणि मनात एकच. ती पंधरा मिनिटं. नळावरच्या गप्पांची. पापुद्रा सुटून आला तर त्याला कारण शंभर असतील, पण मला मरेपर्यंत एकच माहीत असणार होतं.

शेवटची जाळी उचलली.

गुलाबी! कडेपासून कडेपर्यंत गुलाबी! बोटाने हलकं दाबलं, फिकं झालं. सोडलं, पुन्हा गुलाबी. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावर एका बाईची अडलेली डिलिव्हरी झाली. मुलगी झाली, हवं तर रजिस्टर बघा. रघुनाथराव रडायला लागले आणि ताक भट्टरच्या पायांवर सांडलं. भट्टर म्हणाले, "पुसा. पंचा खराब होईल."

पुढे कित्येक महिने व्यायाम. नवी कातडी आक्रसायला टपलेली असते, तिला रोज ओढून ताणून शिस्त लावावी लागते. फिजिओथेरपीवाला रबरी चेंडू द्यायचा, भट्टर तो खाली ठेवायचे. म्हणून मी घरून कणीक नेली. मग काय! वॉर्डात कणकेच्या इतक्या चकल्या, मुरडी आणि करंज्या झाल्या की नैवेद्य दाखवायचाच बाकी होता. सुपारीएवढी फट हरभऱ्याएवढी झाली, मग मोहरीएवढी. पण एक गोष्ट येईना. मी डोळे मिटायला सांगून हाताच्या पाठीवर कापूस फिरवायची.

"कळलं?"

"नाही."

"आता?"

"नाही, सिस्टरम्मा."

जळालेल्या वायरी हळूहळू वाढतात, कधी पोचतात, कधी पोचत नाहीत. ज्या हाताला चटका कळत नाही तो हात कढईजवळ नेणं म्हणजे आंधळ्याने रिंगरोडवर स्कूटर चालवणं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हे येईपर्यंत शेगडी नाही. भट्टर मान डोलवायचे. घरी जाऊन काय करायचे देव जाणे.

मी निवृत्त झाले त्याच महिन्यात एका सकाळी रघुनाथरावांचा फोन आला. फोन कानाला लावायची गरज नव्हती, टेबलावर ठेवून ऐकला. "सिस्टर, उद्या आमच्याकडे यायचं! भट्टर म्हणतात, मुंजीचा म्हैसूरपाक राहिलाय, तो पुरा करायचा आहे. त्याच अंगणात, त्याच कढईत. माझं ऐकत नाहीत हो!"

मी आणि मुग्धा दोघी गेलो, भांडायच्या तयारीने. सरस्वतीपुरमच्या त्या मागच्या अंगणात शेगडी पेटली होती. रघुनाथरावांना दहा फुटांवर खुर्चीत बसवलं होतं आणि खुर्चीपुढे खडूने रेघ ओढली होती. भट्टर पंचा खोचून उभे, शेजारी पाण्याची वाटी. पाक उकळत होता. आम्ही भांडण काढायच्या आत त्यांनी बोटं वाटीत बुडवली, पाकाला टेकवली आणि वर उचलली. अंगठा आणि बोट जुळलं. मध्ये फट नाही, मोहरीएवढीसुद्धा नाही. मग ती उघडली आणि उन्हात केसासारखी बारीक तार चमकली.

"ओंदेळे," भट्टर स्वतःशीच म्हणाले. एक तार.

बेसन पडलं. डावीकडून उकळतं तूप पळीपळीने पडायला लागलं, कढई फसफसून वर आली, वास असा सुटला की गल्लीतल्या स्कूटर आपोआप वळल्या. आणि तुपाचा एक टपोरा थेंब उडाला तो थेट भट्टरच्या उजव्या हाताच्या पाठीवर. नव्या कातडीवर. डोक्यावरच्या कातडीवर.

हात झटक्यात मागे आला.

"भट्टरे!" मी ओरडले. मुग्धाचा दंड मी इतका आवळला होता की तिथे नंतर चार बोटं उमटली. "भट्टरे, दुखलं? दुखलं का? खरं सांगा, दुखलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाई निवृत्त झाली ते बरं झालं अशा नजरेने. "दुखणारच की, सिस्टरम्मा. तूप आहे ते."

त्यांनी झारा बाजूला ठेवला, शांतपणे मोरीवरच्या नळाकडे गेले, नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरून उभे राहिले. मी आणि मुग्धा अंगणात नाचत होतो, हे ती कबूल करणार नाही. मागे कढई फसफसायची थांबली आणि कडांना रंग चढायला लागला.

"भट्टरे! अहो, चालला पुढे! दगड होतोय त्याचा!" रघुनाथराव रेघेच्या आतून बोंबलले. "या की हो, मेलो, गेला आख्खा म्हैसूरपाक!"

भट्टरनी मान वळवली नाही. ते उघड्या मागच्या दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"जाऊ दे," ते म्हणाले. "वीस मिनिटं झाली नाहीत अजून."